समुद्र नसलेल्या किनाऱ्यावरचे दिवे

अमेरिकेतली सगळ्यात जास्त दीपगृहं ज्या राज्यात आहेत, त्या राज्याला समुद्रकिनाराच नाही. मिशिगन हे ते राज्य. अटलांटिक तिथून शेकडो किलोमीटर दूर, पॅसिफिकचं तर नावच काढायला नको. तरी सव्वाशेच्या आसपास दीपगृहं या एका राज्यात उभी आहेत, कारण उत्तर अमेरिकेतल्या पाच महासरोवरांपैकी चारांचं पाणी त्याला लागतं.

आपल्याकडे तलाव म्हटला की रंकाळा आठवतो, फार तर महाबळेश्वरचा वेण्णा, आणि काठावर भेळेची गाडी. हे प्रकरण तसलं नाही. एकट्या सुपीरियर सरोवराचं क्षेत्रफळ ८२,१०० चौरस किलोमीटर. अख्खा महाराष्ट्र ३,०७,७१३. म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त महाराष्ट्र त्यात मावेल आणि सर्वांत खोल जागी डोक्यावर ४०६ मीटर पाणी असेल. सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ऑन्टॅरिओ या पाचांत मिळून पृथ्वीच्या पाठीवरच्या गोड्या पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा आहे.

मी थळच्या किनाऱ्यावर वाढले. पाणी दिसलं की आधी भरती आहे की ओहोटी, हे बघायची खोड. इथे ती खोड कुचकामी. पाणी दिवसातून दोनदा येत-जात नाही, हवेला खारट वास नाही, दगडांना कालवं चिकटलेली नाहीत, आणि तहान लागली तर ओंजळभर उचलून प्यावं इतकं ते नितळ दिसतं. पण लाट खरी आहे. उलट दर्यावर्दी लोक सांगतात की इथली लाट महासागरातल्या लाटेपेक्षा आखूड आणि उभट असते. एकीतून जहाज सावरतं न सावरतं तोच दुसरी येते. त्यात दोन्हीकडे जमीन जवळ. भर समुद्रात वादळ आलं तर जहाज वाऱ्याबरोबर पळू शकतं. इथे पळणार कुठे? १९१३च्या नोव्हेंबरात ७ ते १० तारखेच्या वादळात या सरोवरांवर अडीचशेहून जास्त माणसं गेली आणि बारा जहाजं सगळ्या खलाशांसकट बुडाली.

जहाजं एवढी का, तर लोखंड. सुपीरियरच्या काठची लोहखनिजाची माती आणि दक्षिणेकडच्या पोलादाच्या भट्ट्या यांच्यामधला स्वस्त रस्ता पाण्यातून जातो. त्याच रस्त्याने गहू, कोळसा, लाकूड, चुनखडी. अमेरिकेच्या मोटारी, रूळ, पूल, उंच इमारती यांचं पोलाद आधी या गोड्या पाण्यावरून आलं. ते सुखरूप यावं म्हणून हे दिवे.

आमच्या भाच्याचं घर डेट्रॉइटच्या उपनगरात. मोटारींच्या धंद्यामुळे त्या भागात मराठी माणसं पुष्कळ. मंडळ आहे, गणपती बसतो, दिवाळीचा फराळही होतो. मी आल्यावर नायगारा ठरलेलाच, असं गृहीत धरून सूनबाईंनी तयारी केली होती. मी म्हटलं, नायगारा सगळे बघतात, मला दीपगृहं दाखवा. भाचा म्हणाला, "मावशी, मग तंबूत राहावं लागेल. चालेल?" चालेल म्हटलं. त्याने एकच अट घातली: घाई करायची नाही. दिवसाला दीड-दोनशे किलोमीटरच्या वर गाडी हाणायची नाही, दुपारी तीनच्या आत मुक्काम गाठायचा, आणि पाऊस लागला तर तिथेच थांबायचं.

तंबूचा आग्रह हौसेपोटी नव्हता. दीपगृहं गावाबाहेर, भूशिरांच्या टोकाला असतात. त्यांच्या भोवतीच्या सरकारी जमिनींपैकी कितीतरींची पुढे राज्याची किंवा काउंटीची उद्यानं झाली, आणि उद्यान म्हणजे तंबूच्या जागा आल्याच. हॉटेलात उतरणारा माणूस दीपगृह दुपारी बघतो, फोटो काढतो, निघतो. दिवा लागतो तेव्हा तिथे असायचं, तर तिथे झोपायला हवं.

*

पहिला मुक्काम ह्युरॉन सरोवराकाठी. मिशिगनचा नकाशा पंजासारखा दिसतो, तिथले लोक स्वतःचा तळहात पुढे करून गाव कुठे ते दाखवतात. त्यातल्या अंगठ्याच्या टोकाला पॉइंट ओ बार्क. फ्रेंच नाव, पांढराशुभ्र मनोरा, लागूनच काउंटीचं तळ-उद्यान. तंबूचे खुंटे ठोकताना मान वर केली की मनोरा दिसतो इतका जवळ.

फाटकावर पहिली सूचना लाकडांविषयी: बाहेरून जळण आणायचं नाही. एमराल्ड ॲश बोरर नावाचा एक हिरवा चकचकीत भुंगा आशियातून आला, २००२ साली डेट्रॉइटजवळ प्रथम ओळखला गेला, आणि ॲशची कोट्यवधी झाडं त्याने पोखरून मारली. तो लांबवर पसरला तो मुख्यतः शेकोटीच्या मोळ्यांबरोबर. म्हणून जिथे राहायचं तिथलीच मोळी विकत घ्यायची. ती हमखास ओली निघते. भाचा लोखंडी कड्याशी उकिडवा बसून फुंकर घालत होता आणि सूनबाई बाजूला गॅसच्या दोन शेगड्या लावून पोहे परतून मोकळ्या झाल्या होत्या. लोखंडी तव्यावर थालीपीठ मात्र शेकोटीवरच लावलं. चिवट धुराचा वास लागलेलं ते थालीपीठ खायला शेजारच्या तंबूतली दोन पोरं येऊन उभी राहिली, हे नमूद करते.

या मनोऱ्याची हकिगत बायकांची आहे. १८४८ साली इथे पहिलं दीपगृह झालं. राखणदार पीटर शूक १८४९मध्ये बुडाला आणि दिवा त्याच्या बायकोने, कॅथरीन शूकने, हाती घेतला. मिशिगनमधली ती पहिली स्त्री राखणदार. आजचा मनोरा त्यानंतरचा, १८५७चा. असं पुढेही होत राहिलं. बीव्हर बेटावर एलिझाबेथ व्हिटनीचा नवरा १८७२मध्ये दुसऱ्यांना वाचवायला बोट घेऊन गेला तो परतला नाही. तिने दिवा विझू दिला नाही, आणि पुढे दुसऱ्या दीपगृहात बदली होऊन १९१३पर्यंत नोकरी केली. मिशिगन सिटी हे गाव शेजारच्या इंडियाना राज्यातलं. तिथे हॅरिएट कोलफॅक्स १८६१ ते १९०४ अशी त्रेचाळीस वर्षं राखणदार होती, ऐंशीची होईपर्यंत. तिच्या दिव्यात डुकराच्या चरबीचं तेल जळायचं. थंडीत ते थिजतं. म्हणून घरात चुलीवर तापवायचं आणि धक्क्याच्या टोकाच्या दिव्याकडे लगबगीने न्यायचं. वर वारा, खाली लाटा, पायाखाली बर्फ. वाटेतच तेल गोठलं तर परत फिरायचं, परत तापवायचं, परत निघायचं.

दीपगृहांभोवती आपण एकांताचं, चिंतनाचं बरंच धुकं जमवलं आहे. राखणदारांच्या रोजनिशा वाचल्या की ते धुकं विरतं. वात कातरणे, काच पुसणे, पितळ घासणे, तेल मोजणे, रंग देणे, जिने झाडणे, पुन्हा वात कातरणे. या लोकांना तिथे वातवाले म्हणूनच ओळखत. तपासनीस पांढरे हातमोजे घालून यायचा आणि दाराच्या चौकटीवर बोट फिरवायचा, असं सांगतात. करमणूक म्हणजे सरकारी फिरती ग्रंथालयं: लाकडी पेटीत चाळीसेक पुस्तकं, काही महिन्यांनी पेटी बदलून मिळायची. हे घरकाम होतं, पगारी घरकाम. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. उलट त्या कामाचा आदर वाढला.

ह्युरॉनच्या काठाने वर जाताना टावस पॉइंट, स्टर्जन पॉइंट, प्रेस्क आइलचे जुने आणि नवे असे दोन मनोरे लागतात. सगळीकडे थांबलो, सगळ्यांविषयी लिहिण्याजोगं नाही. फॉर्टी माइल पॉइंट मात्र आवडलं. ओल्ड मॅकिनॉपासून जलमार्गाने चाळीस मैल, म्हणून हे नाव. त्या किनाऱ्यावर जहाजाला एक दिवा दिसेनासा होईपर्यंत पुढचा दिसला पाहिजे, असं सरकारचं धोरण होतं; मधला अंधारा पट्टा भरायला १८९६मध्ये हे बांधलं. विटांचं जुळं घर आहे, एका बाजूला राखणदाराचं बिऱ्हाड, दुसरीकडे मदतनिसाचं, दोन्ही तंतोतंत सारखी. समोरच्या वाळूत १९०५च्या ऑक्टोबरातल्या वादळात फुटलेल्या जोसेफ एस. फे या जहाजाचा लाकडी सांगाडा रुतून पडला आहे. ओकच्या फळ्या, त्यातून वर आलेले हातभर लांब लोखंडी खिळे. लोक त्यावर टॉवेल वाळत घालतात.

*

मिशिगनचे दोन तुकडे जोडणारा मॅकिनॉ पूल १ नोव्हेंबर १९५७ रोजी खुला झाला. आठ किलोमीटर लांब. त्याच्या पायथ्याशी किल्ल्याच्या बुरुजासारखं १८९२चं दीपगृह आहे, ते त्याच वर्षी बंद केलं: पुलावरच्या दिव्यांचा उजेड जहाजांना त्याहून चांगला दिसू लागला. पूल ओलांडला की राज्याचा वरचा, रानवट भाग. खाण्याचे पदार्थ बदलतात, वस्ती विरळ होते, पेट्रोलपंप दिसला की टाकी भरायची सवय लागते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून तांब्याच्या खाणीत कामाला आलेल्यांनी पेस्टी नावाची भरलेली करंजी इथे आणली. आत गोमांस, बटाटा, कांदा, रुटाबागा. शाकाहारी मागितली तर मिळते, पण मागावी लागते. चव बेतास बात. भुकेला उत्तम.

पॅरडाइज नावाच्या छोट्या गावाजवळ नदीच्या मुखाशी तंबू ठोकला. नदीचं पाणी चहाच्या रंगाचं. दलदलीतल्या सीडर-हेमलॉकच्या झाडांचा अर्क त्यात उतरतो. तिथून सरळ उत्तरेला व्हाइटफिश पॉइंट. सुपीरियरवरचा सर्वांत जुना चालू दिवा, १८४९पासून. आताचा लोखंडी पायांचा मनोरा १८६१चा. शेजारी जहाजफुटींचं संग्रहालय आहे, आणि त्यात मध्यभागी एक काशाची घंटा.

एडमंड फिट्झजेराल्ड हे मालवाहू जहाज १९५८मध्ये पाण्यात उतरलं तेव्हा या सरोवरांवरचं सर्वांत मोठं होतं, २२२ मीटर. एका विमा कंपनीच्या अध्यक्षाचं नाव त्याला दिलेलं. कंपनीच त्याची मालक होती. ९ नोव्हेंबर १९७५ रोजी विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियर बंदरातून ते सुमारे २६,००० टन लोहखनिजाच्या गोळ्या घेऊन डेट्रॉइटकडे निघालं. दुसऱ्या दिवशी वादळ. दुपारी दोन्ही रडार बंद पडली. मागून आर्थर एम. अँडरसन हे जहाज येत होतं. ते स्वतःच्या रडारवर बघून रेडिओवरून याला वाट सांगत होतं. कप्तान मॅक्सॉर्लीला आता व्हाइटफिश पॉइंटचा दिवा आणि तिथल्या रेडिओचा खुणेचा संदेश, एवढाच भरवसा. त्याच सुमारास वादळाने वीज गेली आणि दोन्ही बंद पडले. दिवा नंतर पेटला, संदेश नाही. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कप्तानाने रेडिओवर कळवलं की आम्ही तग धरून आहोत. त्यानंतर रडारच्या पडद्यावरून जहाज नाहीसं झालं. व्हाइटफिश पॉइंट तिथून सत्तावीस किलोमीटर. २९ माणसं. एकाचाही देह मिळाला नाही. हे पाणी इतकं थंड आहे की बुडालेलं सहसा वर येत नाही. कसंबसं आडोशाला पोचलेलं अँडरसन शोध घ्यायला पुन्हा त्याच वादळात बाहेर पडलं, हे मला या सगळ्या हकिगतीत सर्वांत मोठं वाटतं.

जहाज का बुडालं, यावर अजून एकमत नाही. तटरक्षक दलाच्या चौकशीने झाकणांतून आत शिरलेल्या पाण्याकडे बोट दाखवलं, जहाजवाल्यांनी ते मानलं नाही. उथळ खडकावर तळ घासला असं त्यांचं म्हणणं. दिवा बंद होता म्हणून बुडालं, असं मीही म्हणणार नाही. पण त्या मनोऱ्यावर तेव्हा माणूस नव्हता, यंत्रणा आपोआप चालत होती, आणि वीज जाताच ती थांबली. चरबीचं तेल परत तापवायला घरी पळणारी हॅरिएट मला तिथे आठवली.

१९९५च्या ४ जुलैला मूळ घंटा १६० मीटर खोलातून वर काढली आणि तिच्या जागी २९ नावं कोरलेली दुसरी घंटा खाली ठेवली. दर १० नोव्हेंबरला इथे ती मूळ घंटा एकेका नावासाठी वाजवतात, आणि शेवटचा टोल या सरोवरांवर गेलेल्या सर्वांसाठी. काही वर्षी ही तारीख ऐन दिवाळीत येते. संग्रहालयात गॉर्डन लाइटफुटचं १९७६चं प्रसिद्ध गाणं सारखं वाजत असतं. बाहेर येऊन वाळूत बसलं की ते डोक्यातून जात नाही, आणि समोर पाणी मात्र अगदी शांत, निळं, निरागस.

*

क्रिस्प पॉइंटला जायला जंगलातून तीसेक किलोमीटर कच्चा रस्ता आहे. फोनला रेंज नाही, वाटेत पाटी दिसली तर नशीब. १९०४चा पांढरा मनोरा पाण्याला इतका लगटून उभा की लाट आत येईल असं वाटावं. भोवतालच्या इमारती तटरक्षक दलाने १९६५मध्ये पाडून टाकल्या. मनोरा तेवढा उरला, आणि पायथ्याची वाळू सरोवर गिळत होतं. पुढे एका जोडप्याने तो योगायोगाने पाहिला, संस्था काढली, दगडांचा भराव घातला. आता तिथे हंगामभर स्वयंसेवक येतात. आम्ही गेलो तेव्हा एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे यजमान आठवडाभरासाठी येऊन राहिले होते, स्वतःच्याच तंबूत. बाई खिडकीच्या चौकटी खरवडत होत्या. मी विचारलं, पगार? त्या हसल्या. पेट्रोलसुद्धा स्वतःचंच, म्हणाल्या.

हे सगळीकडे आहे. जहाजांना उपग्रह वाट दाखवू लागल्यावर सरकारला दीपगृहं जड झाली. २०००च्या कायद्यानुसार ती स्थानिक संस्था, नगरपालिका यांना फुकट द्यायची, कोणी पुढे आलं नाही तर लिलाव करायचा, अशी सोय झाली. फुकट म्हणजे काय, तर गळकं छप्पर, गंजलेली शिडी आणि शिशाचा जुना रंग फुकट. मिशिगनमध्ये गाडीला दीपगृहाचं चित्र असलेली नंबरपट्टी जास्त पैसे भरून घेता येते. तो पैसा डागडुजीला जातो. भाच्याच्या गाडीला आहे. तिच्यावरचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा पिळाचा मनोरा व्हाइट शोलचा, किनाऱ्यापासून लांब सरोवरातल्या उथळ जागी उभा आहे.

पुढचा तळ हरिकेन नदीच्या मुखाशी. वीज नाही, गरम पाणी नाही, अस्वलांमुळे रात्री खाण्याची प्रत्येक वस्तू गाडीत बंद करायची, दातांची पेस्टसुद्धा. "मावशी, झोपायच्या पिशवीत शिरताना मोजे बदल, दिवसभराचे दमट असतात," हा भाच्याचा सल्ला त्या रात्री सोन्यासारखा ठरला. ऑगस्ट असूनही पहाटे दात वाजत होते. सकाळी किनाऱ्याच्या रस्त्याने ऑ सेबल दीपगृहाकडे चालत निघालो. अडीच किलोमीटर. गाडी जात नाही. वाटेत उथळ पाण्यात आणि वाळूत तीन फुटक्या जहाजांचे अवशेष, ज्या खडकाळ उथळ जागेसाठी हा मनोरा १८७४मध्ये बांधला तिथेच येऊन फुटलेली. मग झाडी संपते आणि गवताच्या मोकळ्या तुकड्यावर पांढरा मनोरा, लाल विटांचं घर, तेलाची कोठी, संडास, सगळं जागच्या जागी. राष्ट्रीय उद्यानाची मार्गदर्शक मुलगी आम्हाला वर घेऊन गेली. माणसं आम्ही पाच. वरून एका बाजूला शंभर मीटर उंचीच्या वाळूच्या टेकड्या पाण्यात कोसळलेल्या, दुसऱ्या बाजूला जंगल, आणि नजर पोचेल तिथवर एक घर नाही.

*

मग मोठा पल्ला. मार्केट नावाच्या गावाचं लालभडक दीपगृह बघितलं, विस्कॉन्सिन ओलांडून डुलुथला आलो, आणि मिनेसोटाच्या उत्तर किनाऱ्याने स्प्लिट रॉक.

हे महासरोवरांतलं सर्वांत देखणं दीपगृह म्हणतात, आणि चाळीस मीटर उंच सरळ कड्यावर बसलेला तो ठेंगणा पिवळसर मनोरा पाहिल्यावर वाद घालवत नाही. त्याचा जन्मही वादळातून झाला. १९०५च्या २८ नोव्हेंबरला या किनाऱ्यावर एकोणतीस जहाजांचं नुकसान झालं. माटाफा हे जहाज तर डुलुथच्या बंदराच्या तोंडाशीच धक्क्यावर आदळून मोडलं. हजारो लोक किनाऱ्यावर शेकोट्या पेटवून उभे होते. समोर काही अंतरावर जहाजाच्या मागच्या भागातले नऊ खलाशी रात्रभरात गोठून मेले. पोलादवाल्यांनी सरकारचा पिच्छा पुरवला, १९०७मध्ये ७५,००० डॉलर मंजूर झाले. जवळच्या खडकांतल्या लोखंडाने होकायंत्र भरकटतं, हीही तिथली एक अडचण. रस्ता नव्हता. प्रत्येक वीट, प्रत्येक पोतं जहाजाने आणून यारीने कड्यावर चढवलं. ३१ जुलै १९१० रोजी दिवा लागला. रस्ता आला १९२४मध्ये.

इथल्या भिंगासमोर मी बराच वेळ उभी होते. ऑग्युस्तँ फ्रेनेल हा फ्रेंच इंजिनिअर १८२७मध्ये वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी क्षयाने गेला. त्याआधी पाचच वर्षं त्याने हा शोध लावला होता. साध्या दिव्याचा उजेड चहूकडे जातो, वर आकाशात आणि खाली पायाशीही. जहाजाला मिळतो तो अगदी थोडा. फ्रेनेलने दिव्याभोवती काचेच्या कडा अशा कोनांत रचल्या की वर जाणारा किरण खाली वाकावा, खाली जाणारा वर यावा, आणि सगळे मिळून आडवे बाहेर पडावेत. एकसंध जाड भिंग घेतलं असतं तर ते टनावारी जड झालं असतं. त्याने त्याची फक्त वळणं ठेवली, मधली काच काढून टाकली. स्प्लिट रॉकचं भिंग पॅरिसमध्ये बनलं, उघडणाऱ्या शिंपल्यासारखे त्याचे दोन भाग. ते पाऱ्याच्या कुंडात तरंगायचं, त्यामुळे हाताच्या जोरावरही फिरायचं. फिरवायला घड्याळाची यंत्रणा: मनोऱ्याच्या मधून वजनं हळूहळू खाली उतरायची आणि दर दोन तासांनी कुणीतरी ती चावी देऊन पुन्हा वर चढवायची. दर दहा सेकंदांनी एक झोत. आत रॉकेलच्या वाफेचा दिवा, १९४०मध्ये वीज येईपर्यंत. दिवसा भिंगाला पडदे लावायचे, नाहीतर सूर्याचे किरण उलटे आत येऊन आग लावायची भीती.

काचेच्या कडेला मध्ये एखादा टवका उडालेला आहे. भिंगाच्या आत, पितळेच्या चौकटीवर, बोटांनी घासून घासून गुळगुळीत झालेली एक जागा दिसते. दर दोन तासांनी. एप्रिल ते डिसेंबर. १९६९मध्ये दिवा बंद झाला. आता मिनेसोटाची इतिहास संस्था तो सांभाळते आणि दर १० नोव्हेंबरला, फिट्झजेराल्डची नावं वाचून झाली की, तो पेटवते.

त्या उद्यानात तंबूच्या जागेपर्यंत गाडी नेता येत नाही. दोन चाकांची हातगाडी देतात, तिच्यावर सामान लादायचं आणि झाडीतून ढकलत न्यायचं. भाचा पुढून ओढत होता, सूनबाई मागून. मी कंदील धरला होता.

*

परतीची वाट विस्कॉन्सिनमधून, आणि मानितोवॉकहून एस. एस. बॅजर. १९५२मध्ये बांधलेली ही बोट मुळात रेल्वेचे डबे सरोवरापार न्यायची; आता मोटारी नेते. अमेरिकेत अजून कोळशावर चालणारं हे शेवटचं प्रवासी जहाज. २०१४पर्यंत राखही सरोवरातच सोडत, ते आता बंद आहे. शंभर किलोमीटर, चार तास, आणि मधल्या दालनात चक्क हाऊजी. सूनबाईंना एक लाइन लागली, बक्षीस मिळाली टोपी.

बोट लडिंग्टनला लागते आणि तिथून उत्तरेला बिग सेबल. वाळूतून तीन किलोमीटर चालत जायचं, १३० पायऱ्या चढायच्या. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा हा मनोरा १८६७चा. मिलवॉकीच्या फिकट पिवळ्या विटा वाऱ्यावाळूने झिजू लागल्या म्हणून १९००मध्ये त्याला लोखंडी पत्र्यांचं चिलखत चढवलं, मध्ये काँक्रीट भरलं. पट्टे दिवसा ओळखू यावा म्हणून. १८६७ हा आकडा वाचला आणि मी भाच्याला म्हटलं, अरे, आपल्या खांदेरीचं साल. शिवछत्रपतींच्या आरमारी किल्ल्यावरचं ते दीपगृह नेमकं त्याच वर्षी झालं; लहानपणी आमच्या ओटीवरून त्याचा झोत दिसायचा. खांदेरी आता जागतिक वारसा यादीत आहे, पण तिथे जाऊन रात्र काढायची, खिडक्या खरवडायच्या, पर्यटकांना जिना चढवायचा, अशी सोय सामान्य माणसाला नाही. बिग सेबलला आहे. राखणदाराच्या खोल्यांत स्वयंसेवक आठवडा-दोन आठवडे राहतात, दुकान चालवतात, झाडतात, कुणाच्या गुडघ्यांना जिना झेपेल आणि कुणाच्या नाही ते नजरेने ओळखतात. काही दीपगृहांत तर अशा राहण्याचे पैसे भरावे लागतात, आणि तरी जागा मिळत नाही. आपल्या दीपगृह महासंचालनालयाने कोकणातल्या एखाद्या मनोऱ्यावर हा प्रयोग करून पाहावा. अर्ज करणाऱ्यांत माझा पहिला असेल.

जाणार असाल तर चार गोष्टी. मिशिगनच्या राज्य उद्यानांची आरक्षणं सहा महिने आधी उघडतात आणि लडिंग्टनसारखी ठिकाणं भराभर भरतात. जून टाळा, डास आणि काळ्या माश्या जगू देत नाहीत. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुटीनंतर गर्दी ओसरते, तेव्हा जा. सगळी दीपगृहं बघायच्या फंदात पडू नका. दहावं बघेस्तोवर पहिलं विसरायला होतं. स्प्लिट रॉक सुंदर आहे, पण तिथे रांग असते. एकच बघायचं तर ऑ सेबल, आणि तेही चालत. ऑक्टोबर संपत आला की बहुतेक मनोऱ्यांना कुलपं लागतात.